जुन्या चाकूंचे मोल : ऑनलाइन लिलाव आणि किंमत-निश्चिती

१. विषयाची मर्यादा

मागणी व पुरवठा ह्यांच्या मेळातून किंमत ठरते, हे अर्थशास्त्राचा नवखा विद्यार्थीही जाणतो. गहू, कापूस किंवा पोलाद ह्यांच्या बाबतीत हे विधान बहुतांशी पुरेसे असते. कारण ठराविक प्रतीचा एक क्विंटल गहू त्याच प्रतीच्या दुसऱ्या क्विंटलाच्या जागी निःशंकपणे ठेवता येतो. परंतु जिचा नेमका तसाच दुसरा नग मिळणे दुर्घट, जिचे उत्पादन कित्येक वर्षांपूर्वी थांबलेले आणि जिचा वापर केल्याने तिचे मोल उलट घटते, अशा वस्तूची किंमत कोणत्या न्यायाने ठरावी? संग्राहकांच्या बाजारासमोर हा प्रश्न नित्याचाच असतो. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार एका लहानशा वस्तूच्या आधारे करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतील कारखान्यांत तयार झालेला खिशातला घडीचा चाकू. आणि त्याच्या विक्रीची जागा म्हणजे आंतरजालावरील लिलाव.

उदाहरण परदेशचे असले तरी प्रश्न आपल्याला परका नाही. ‘लिलाव’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. उघड्या बोलीने मासळी विकली जाणे आणि रुमालाखाली बोटे धरून सौदा होणे, हे दोन्ही प्रकार आपल्या बाजारांना परिचित आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येकाची बोली सर्वांना ऐकू येते, तर दुसऱ्यात ती फक्त दोघांनाच कळते. ऑनलाइन लिलावात ह्या दोन्ही पद्धतींचे चमत्कारिक मिश्रण झाले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी प्रथम वस्तूची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

२. पात्याच्या मुळाशी कोरलेला इतिहास

चाकूच्या संग्राहकाची दृष्टी प्रथम पात्याच्या धारेकडे जात नाही. पाते जेथे मुठीत शिरते त्या जाडसर भागाकडे, म्हणजे पात्याच्या मुळाकडे, ती जाते. कारखान्याचा ठसा तेथे उमटविलेला असतो व तोच चाकूचा जन्मदाखला होय. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रॅडफर्ड येथील ‘डब्ल्यू. आर. केस अँड सन्स’ ह्या कारखान्याचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. १९६५ ते १९६९ ह्या काळातील केस चाकूंवर ‘केस एक्सएक्स’ ह्या अक्षरांबरोबर ‘यू.एस.ए.’ ही अक्षरे आढळतात. १९७० मध्ये ह्या ठशाखाली दहा ठिपके देण्यात आले आणि पुढे दर वर्षी त्यांतील एक ठिपका कमी करण्यात आला. म्हणजे दहा ठिपक्यांचा चाकू १९७० चा, नऊ ठिपक्यांचा १९७१ चा आणि एकाच ठिपक्याचा १९७९ चा. १९८० मध्ये इंग्रजी ‘एस’ अक्षराला विजेसारखे वळण देऊन पुन्हा दहा ठिपक्यांपासून नव्या मालिकेचा आरंभ झाला.

वर्षाबरोबरच नमुन्याचा क्रमांकही महत्त्वाचा असतो. ‘६२५४’ हा क्रमांक घेऊ. त्यातील पहिला अंक मुठीचे द्रव्य दर्शवितो. सहा म्हणजे हाड. दुसरा अंक पात्यांची संख्या सांगतो. येथे ती दोन आहे. उरलेला चोपन्न हा कारखान्याच्या एका ठराविक घडणीचा आकडा असून ह्या घडणीस ‘ट्रॅपर’ असे म्हणतात. पहिला अंक पाच असल्यास मूठ सांबरशिंगाची समजावी. तथापि ही गुरुकिल्ली सर्व कुलुपांना लागत नाही. काही काळ हाडासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम द्रव्याच्या मुठींनाही सहा हाच अंक देण्यात येत असे. त्यामुळे केवळ क्रमांक वाचून मुठीचे द्रव्य सांगणारा विक्रेता अनवधानाने खोटे बोलण्याचा संभव असतो.

ठिपक्यांच्या ह्या पद्धतीचा आर्थिक परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. कामाच्या दृष्टीने १९६९ चा चाकू व १९७० चा चाकू ह्यांत वस्तुतः फारसे अंतर नाही. दोन्ही सारख्याच सफाईने दोरी कापतील. परंतु ठिपक्यांमुळे एका वर्षाचा माल दुसऱ्या वर्षाच्या मालाहून ओळखू येऊ लागला. जी वस्तू पूर्वी एकजिनसी होती तिचे अनेक पोटभेद झाले आणि प्रत्येक पोटभेदाची स्वतंत्र दुर्मिळता निर्माण झाली. संग्राहकांच्या बाजारात दुर्मिळता केवळ संख्येवर अवलंबून नसते. ती ओळखता येण्यावरही तितकीच अवलंबून असते, असा निष्कर्ष ह्यावरून निघतो.

३. अवस्था आणि तिचा ऱ्हास

एकाच ठशाच्या व एकाच क्रमांकाच्या दोन चाकूंच्या किमतींत कितीतरी पटींचे अंतर पडते, ते त्यांच्या अवस्थेमुळे. अमेरिकेतील राष्ट्रीय चाकू-संग्राहक संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली. तिच्या नावाने रूढ असलेल्या प्रतवारीत सर्वांत वरची प्रत कारखान्यातून आला तसाच राहिलेल्या, खिशात न बाळगलेल्या व न वापरलेल्या चाकूची असते. त्याखालच्या प्रतींत पात्याची झीज मोजतात. ‘उत्कृष्ट’ प्रतीत ती दहा टक्क्यांहून अधिक नसावी. ‘फार चांगली’ ह्या प्रतीत ती सुमारे पंचवीस टक्के आणि ‘बरी’ ह्या प्रतीत पन्नास टक्के चालते. ह्याशिवाय पाते उघडताना व मिटताना स्पष्ट ‘टक्’ असा आवाज येतो की नाही, मिटलेले पाते मधोमध बसते की बाजूस घासते, मुठीस तडा आहे काय, खिळ्यांभोवती फट दिसते काय, ह्या गोष्टी पाहिल्या जातात.

ह्या प्रतवारीतून एक विलक्षण परिणाम उद्भवतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने चाकूला धार लावणे म्हणजे त्याची काळजी घेणे होय. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र धारेच्या चाकावर धरलेला चाकू पोलादाबरोबर आपले मोलही गमावीत असतो. ठशाचा उठाव आणि कारखान्यातील घासकामाच्या बारीक रेषा एकदा पुसल्या गेल्या की त्या कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. वडिलांच्या किंवा आजोबांच्या पेटीतून निघालेले चाकू विकण्यापूर्वी ‘जरा चकचकीत करावेत’ अशा सद्हेतूने घरातील मंडळी ते घासून काढतात. ह्या एका दुपारच्या श्रमाने चाकूंच्या किमतीतील मोठा अंश नाहीसा होतो. वारसांचे होणारे असे नुकसान फसवणुकीमुळे होत नाही, अज्ञानामुळे होते. आणि म्हणूनच त्याची कोठे तक्रार नोंदली जात नाही.

ऱ्हासाचे दुसरे कारण रासायनिक आहे. काही जुन्या चाकूंच्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. ह्या द्रव्याचे कालांतराने विघटन होते व त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात. अशा वाफांनी त्याच चाकूची पातीच नव्हेत, तर एकाच बंद पेटीत ठेवलेल्या शेजारच्या चाकूंची पातीही गंजू शकतात. म्हणून असा चाकू इतरांपासून अलग ठेवणे आणि विक्रीच्या वर्णनात मुठीचे द्रव्य स्पष्टपणे नमूद करणे, ही दोन्ही कर्तव्ये विक्रेत्यावर येतात.

४. लिलावाचे यंत्र

पिअर ओमिद्यार ह्यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ ह्या नावाने आंतरजालावर लिलावाची जागा उघडली. १९९७ मध्ये तिचे ‘ईबे’ असे नामकरण झाले. सभागृहातील लिलावात सर्व ग्राहक एका वेळी एका जागी जमतात. ईबेवरील लिलाव मात्र कित्येक दिवस चालतो आणि ग्राहक पृथ्वीच्या पाठीवर कोठेही असू शकतो. त्याने सतत डोळे लावून बसावे अशी अपेक्षा करता येत नाही, म्हणून प्रतिनिधी-बोलीची योजना करण्यात आली. ग्राहक आपण अधिकात अधिक किती देऊ ती रक्कम यंत्रणेला गुप्तपणे कळवितो. यंत्रणा त्याच्या वतीने प्रतिस्पर्ध्याच्या बोलीवर केवळ एक पायरी चढून बोली करीत राहते.

उदाहरणार्थ, एका ग्राहकाची कमाल मर्यादा १८० डॉलर व दुसऱ्याची १४० डॉलर आहे असे समजू. ईबेच्या रूढ कोष्टकाप्रमाणे १०० ते २५० डॉलर ह्या पट्ट्यात एक पायरी अडीच डॉलरची असते. तेव्हा पहिल्यास चाकू १४२ डॉलर ५० सेंटला मिळेल, १८० डॉलरला नव्हे. म्हणजे विजेता जी किंमत देतो ती स्वतःच्या नव्हे तर पराभूत प्रतिस्पर्ध्याच्या मर्यादेवरून ठरते.

ह्या प्रकारच्या लिलावाचे शास्त्रीय विवेचन विल्यम व्हिकरी ह्यांनी १९६१ मध्ये केले. विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच रक्कम द्यावयाची असेल, तर प्रत्येकाने आपल्या मनातील खरी किंमत सांगणे हेच त्याच्या हिताचे ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. कमी सांगितल्यास परवडणारी वस्तू हातची जाते. अधिक सांगितल्यास न परवडणाऱ्या किमतीला ती गळ्यात पडते. १९९६ मध्ये व्हिकरी ह्यांना जेम्स मरलीस ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की टपालतिकिटांच्या संग्राहकांनी ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच टपाली लिलावांत अवलंबिली होती. पुढे डेव्हिड लकिंग-रायली ह्यांनी हा इतिहास उजेडात आणला. व्यवहार अनेकदा सिद्धांताच्या पुढे चालतो, ह्याचे हे एक उदाहरण होय.

५. अखेरच्या क्षणाची बोली

खरी किंमत पहिल्याच दिवशी सांगणे हिताचे असेल, तर ग्राहकांनी तसे करून स्वस्थ बसावयास हवे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. आल्विन रॉथ व अॅक्सेल ओकेनफेल्स ह्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबेवरील व अॅमेझॉनच्या तत्कालीन लिलावांची तुलना केली आहे. ईबेवरील लिलाव ठरलेल्या क्षणी संपतो. अॅमेझॉनचा लिलाव मात्र दहा मिनिटे एकही नवी बोली न आल्याशिवाय संपत नसे. त्यांनी तपासलेल्या ईबेवरील पुराणवस्तूंच्या लिलावांपैकी निम्म्याहून अधिक लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली होती; अॅमेझॉनवर हे प्रमाण अत्यल्प होते.

ह्याचे एक कारण संग्राह्य वस्तूंच्या बाबतीत विशेष लागू पडते. जाणकाराची बोली हीच एक बातमी असते. ज्याला ठशांचे ज्ञान आहे असा ग्राहक पहिल्या दिवशी बोली करील, तर इतरांना आपोआपच कळते की ह्या चाकूत काहीतरी आहे. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मिळविलेले ज्ञान असे फुकट वाटण्यापेक्षा तो अखेरच्या क्षणापर्यंत मौन पाळतो. विक्रेत्याने ह्यावरून घ्यावयाचा बोध असा की सहा दिवस बोली अल्प राहिली म्हणून धीर सोडून लिलाव मागे घेणे किंवा खाजगीत आलेला प्रस्ताव घाईने स्वीकारणे इष्ट नाही. घाईचा प्रस्ताव करणारा बहुधा तोच जाणकार असतो.

६. विजेत्याचा शाप

आता ग्राहकाच्या बाजूने विचार करू. छायाचित्रावरून चाकूची परीक्षा करणाऱ्या दहा जणांपैकी कोणी त्याचे मोल कमी आकारील, कोणी अधिक. सर्वांचा सरासरी अंदाज बरोबर असला तरी लिलाव जिंकणारा मनुष्य सरासरी अंदाज करणारा नसतो. तो सर्वांत आशावादी अंदाज करणारा असतो. परिणामी जिंकणे हेच अनेकदा चुकल्याचे लक्षण ठरते. १९७१ मध्ये तेलक्षेत्रांच्या लिलावांसंबंधी लिहिताना तीन अभियंत्यांनी हा दोष प्रथम स्पष्टपणे मांडला. पुढे त्यास ‘विजेत्याचा शाप’ हे नाव रूढ झाले.

चाकूच्या बाबतीत हा शाप दोन वाटांनी येतो. पहिली वाट बनावट मालाची. साध्या चाकूचा ठसा घासून त्यावर दुर्मिळ ठसा मारणे, मोडक्या चाकूंचे सुटे भाग जोडून एक ‘अव्यंग’ चाकू उभा करणे, झिजलेले पाते बदलून नवे बसविणे, हे उद्योग ह्या बाजारात चालतात. ठसा घासलेल्या पात्याचे मूळ किंचित पातळ झालेले असते व पाते मुठीत हलते. नव्या ठशाच्या कडा आजूबाजूच्या पोलादाच्या जुनाट काळसर झाकेशी विसंगत दिसतात. दुसरी वाट नूतन आवृत्त्यांची. रेमिंग्टन कंपनीने १९२२ मध्ये मुठीवर काडतुसाच्या आकाराची पट्टी बसविलेला ‘आर ११२३’ हा चाकू काढला. तो आज संग्राहकांत अतिशय नावाजलेला आहे. त्याच नमुन्याची नवी आवृत्ती १९८२ मध्ये निघाली. नवी आवृत्ती ही बनावट नव्हे. परंतु ती जुनी म्हणून विकली गेली, तर परिणाम तोच होतो.

अनुभवी ग्राहक हा धोका ओळखून आपली बोली आधीच खाली आणतो. पॅट्रिक बजारी व अली होर्ताचसू ह्यांनी ईबेवरील नाण्यांच्या लिलावांचा अभ्यास करून २००३ मध्ये असे अनुमान काढले की प्रतिस्पर्ध्यांची संख्या एकाने वाढली असता ग्राहक आपली बोली सरासरीने ३.२ टक्क्यांनी कमी करतो. म्हणजे वस्तूविषयीची अनिश्चितता ही ग्राहकाला तर भोवतेच. परंतु ती विक्रेत्याच्या पदरी पडणाऱ्या रकमेतूनही कापली जाते. ह्या मुद्द्यावर पुढील विवेचनाचा सारा भार आहे.

७. विश्वासाची किंमत

जॉर्ज अॅकरलॉफ ह्यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की मालाची प्रत विक्रेत्यालाच ठाऊक असेल आणि ग्राहकाला ती कळण्याचे साधन नसेल, तर ग्राहक सर्वच मालाला मध्यम भाव देऊ करतो. चांगल्या मालाच्या मालकाला तो भाव परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. वाईट माल तेवढा मागे राहतो. ह्या तर्काने पाहता, अनोळखी माणसाकडून न पाहिलेला चाकू आगाऊ पैसे भरून घेण्याचा बाजार उभाच राहावयास नको होता.

तो उभा राहिला, ह्याचे एक प्रमुख कारण म्हणजे प्रत्येक व्यवहारानंतर दिला जाणारा जाहीर अभिप्राय. पॉल रेस्निक व त्यांचे सहकारी ह्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच विक्रेत्याने जुनी सचित्र पोस्टकार्डे दोन प्रकारच्या नावांनी विकली : एक दीर्घकाळचे नावलौकिकाचे, दुसरी नव्याने घेतलेली. लौकिकाच्या नावाला विक्रीकिमतीच्या सुमारे ८.१ टक्के अधिक मोल मिळाले. लुईस काब्राल व होर्ताचसू ह्यांनी २०१० मध्ये असे दाखविले की पहिला प्रतिकूल अभिप्राय मिळताच विक्रेत्याच्या साप्ताहिक विक्रीची गती ५ टक्के वाढीवरून ८ टक्के घटीवर येते. लौकिक हे भांडवल असून ते जमविण्यास वर्षे लागतात व गमाविण्यास एक व्यवहार पुरतो, ही जुनी व्यापारी समजूत येथे आकड्यांत सिद्ध झाली आहे.

लौकिकाखेरीज दुसरे साधन म्हणजे वस्तूचे प्रांजळ वर्णन. पॉल मिलग्रोम व रॉबर्ट वेबर ह्यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले की, विशिष्ट गृहीतांखाली, विक्रेत्याने आपल्याजवळची माहिती नेहमी उघड करण्याचे धोरण ठेवले तर त्याचे सरासरी उत्पन्न वाढते. कारण स्पष्ट आहे : माहिती मिळाली की विजेत्याच्या शापाची भीती कमी होते व ग्राहक हात आखडता घेत नाही. ग्रेगरी लुईस ह्यांनी २०११ मध्ये ईबेवरील जुन्या मोटारींच्या लिलावांवरून छायाचित्रे व तपशील ह्यांचा किमतीवर होणारा परिणाम दाखवून ह्या विचारास पुष्टी दिली. चाकूच्या बाबतीत ह्याचा अर्थ असा की पात्याच्या मुळाचे दोन्ही बाजूंचे ठळक छायाचित्र, मिटलेल्या व उघडलेल्या पात्यांची चित्रे, मुठीवरील तडा जवळून घेतलेला, आणि ज्या गोष्टीची खात्री नाही तिच्याविषयी तसे स्पष्ट विधान, इतके दिल्याने विक्रेत्याचे नुकसान होत नाही. तडा लपविल्याने जे मिळते त्याहून अधिक तडा दाखविल्याने उरते.

८. विक्रेत्याने किंमत कशी ठरवावी

पेटीतील चाकू विकू इच्छिणाऱ्या सामान्य मनुष्यापुढे तीन प्रश्न असतात : अपेक्षा किती ठेवावी, आरंभीची बोली किती असावी, आणि लिलाव करावा की ठराविक किंमत सांगावी.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मागितलेल्या किमती पाहू नयेत, मिळालेल्या किमती पाहाव्यात. हजार डॉलर मागणारा चाकू वर्षभर पडून असेल, तर त्या आकड्यातून विक्रेत्याची आशा तेवढी कळते. ईबेवर अलीकडे संपलेल्या विक्रींच्या नोंदी पाहता येतात. मात्र जेथे ग्राहकाचा घासाघिशीचा प्रस्ताव मान्य झाला असेल, तेथे मान्य झालेला आकडा नोंदीत दिसेलच असे नाही. अशी नोंद हिशेबात धरताना सावध राहावे. आता केवळ स्पष्टीकरणार्थ कल्पिलेले आकडे घेऊ. समान ठशाचे, समान क्रमांकाचे व समान अवस्थेचे पाच चाकू अनुक्रमे ९०, ११०, ११८, १२५ व २४० डॉलरला गेले. त्यांची सरासरी १३६ डॉलर ६० सेंट येते. परंतु पाचांपैकी चार विक्री त्या आकड्याच्या खालीच झाल्या आहेत. एखादा २४० चा आकडा दोन हट्टी ग्राहकांच्या चुरशीचा किंवा वर्णनात न आलेल्या एखाद्या वैशिष्ट्याचा परिणाम असू शकतो. येथे मधला आकडा, म्हणजे ११८, हाच अपेक्षेला अधिक भरवशाचा आधार होय.

दुसऱ्या प्रश्नाविषयी मते भिन्न आहेत. आरंभीची बोली उंच ठेवल्यास वस्तू मातीमोल जाण्याचा धोका टळतो. परंतु ग्राहक कमी येतात. लकिंग-रायली व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ४६१ लिलावांतील जुन्या अमेरिकन पैशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत उंच आरंभ-बोली व राखीव किंमत ह्यांनी अंतिम किंमत वाढल्याचे, तसेच अधिक दिवसांचा लिलाव लाभदायक ठरल्याचे आढळले. उलटपक्षी जेरेमी ब्युलो व पॉल क्लेम्परर ह्यांनी १९९६ मध्ये असे प्रतिपादिले की उत्तमात उत्तम राखीव किंमत ठरविण्यापेक्षा आणखी एक खरा ग्राहक मिळविणे विक्रेत्यास अधिक फलदायी असते. ह्या दोन्ही निष्कर्षांचा मेळ असा घालता येईल : ज्या चाकूस अनेक जाणकार ग्राहक आहेत, तो कमी बोलीने आरंभावा व स्पर्धेवर विसंबावे, ज्यास दोनचारच ग्राहक असण्याचा संभव, त्यास आपणास मान्य असलेली किमान किंमत प्रारंभीच लावावी. दोन्ही प्रसंगी शीर्षकात कारखान्याचे नाव, नमुन्याचा क्रमांक व वर्ष अचूक लिहावे. कारण ग्राहक ह्याच शब्दांनी शोध घेतात, आणि चुकीच्या अक्षरांमागे दडलेला चाकू त्यांच्या दृष्टीसच पडत नाही. किंमत वाढविण्यासाठी आपल्याच हस्तकाकरवी बोली करविणे हे मात्र नियमबाह्य तर आहेच, शिवाय वर वर्णिलेल्या विश्वासाच्या मुळावर घाव घालणारे आहे.

तिसऱ्या प्रश्नाबाबत बाजाराचाच कल पालटला आहे. आरंभीच्या वर्षांत ईबे म्हणजे लिलाव असे समीकरण होते. पुढे ठराविक किमतीची विक्री वाढत गेली व लिलावाचा वाटा घटला. लिराण एनाव्ह व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ह्या स्थित्यंतराचे विवेचन केले आहे. ज्या चाकूचा भाव सुस्थिर आहे, त्यास लिलावाची दगदग अनावश्यक होय. ज्याचे मोल विक्रेत्यालाच ठाऊक नाही, त्यासाठी लिलाव हे अजूनही अज्ञानावरील उत्तम औषध आहे. कारण ज्ञानी ग्राहक एकाहून अधिक असतील, तर त्यांच्या परस्पर स्पर्धेतून अज्ञानी मालकालाही खऱ्या भावाच्या जवळपास जाता येते. तोच मालक एकट्या जाणकाराच्या दारी गेला असता तर त्याला हा लाभ झाला नसता.

९. कायद्याची चौकट

चाकू ही वस्तू शस्त्राच्या सीमेवर उभी असल्याने विक्रीपूर्वी कायदा पाहणे अपरिहार्य आहे. कळ दाबताच आपोआप उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्यीय व्यापारावर अमेरिकेत १९५८ च्या संघीय कायद्याने निर्बंध घातले असून ईबेच्या नियमांतही अशा चाकूंची विक्री वर्ज्य आहे. हस्तिदंती मुठींच्या वस्तूंना ईबेने २००९ च्या आरंभापासून बंदी केली. आणि २०१६ मध्ये अमेरिकन शासनाने आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली.

आपल्याकडील संग्राहकांनी तीन कायदे ध्यानी ठेवावेत. १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील नियम ह्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरगुती वा शेतीच्या कामासाठी नसलेली हत्यारे शस्त्रांच्या वर्गात गणली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये हस्तिदंताचा व्यापार निषिद्ध आहे. पुरावस्तूंसंबंधीचा १९७२ चा अधिनियम १९७६ पासून अमलात आला. त्यान्वये शंभर वर्षांहून जुनी कट्यार किंवा जांबिया परदेशी ग्राहकाला पाठविण्याची खाजगी व्यक्तीस मुभा नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही. परदेशी लिलावातील मोठमोठे आकडे वाचून घरातील जुने हत्यार आंतरजालावर मांडण्याचा मोह होणाऱ्याने ह्या तरतुदी आधी पाहिलेल्या बऱ्या.

१०. समारोप

वरील विवेचनाचा मथितार्थ थोडक्यात असा. संग्राह्य चाकूची किंमत तीन थरांनी बनते. ठसा व क्रमांक ह्यांतून त्याची ओळख ठरते. अवस्थेतून त्याची प्रत ठरते. आणि वर्णन व लौकिक ह्यांतून ह्या दोहोंवर ग्राहकाने ठेवावयाचा विश्वास ठरतो. पहिले दोन थर कारखान्याने व काळाने घडविलेले असतात, त्यांत विक्रेत्यास भर घालता येत नाही; घासूनपुसून त्यांचा नाश मात्र करता येतो. तिसरा थर तेवढा सर्वस्वी त्याच्या स्वाधीन आहे.

ऑनलाइन लिलावामुळे ठशांचे ज्ञान मूठभर व्यापाऱ्यांची मिरास राहिले नाही, हा त्याचा मोठा गुण. पूर्वी एखाद्या कामगाराच्या विधवेने पतीचे चाकू गावातील एकाच दुकानदाराला दाखवावयाचे व तो म्हणेल तो भाव घ्यावयाचा, अशी स्थिती असे; आता तिला पूर्वीच्या विक्रींच्या नोंदी पाहता येतात आणि शेकडो ग्राहकांपुढे माल मांडता येतो. परंतु नोंदी वाचण्यापूर्वी काय वाचावयाचे ते ठाऊक असावे लागते. ज्याला दहा ठिपके दिसतच नाहीत, त्याला त्यांचा अर्थ सांगणारी सारी माहिती व्यर्थ होय. आपल्याकडेही जुनी नाणी, अडकित्ते, तांब्या-पितळेची भांडी अशा कितीतरी वस्तू घराघरांतून मोडीच्या भावाने जात आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांचा संग्रह पाहिला म्हणजे अशा साध्या वस्तूंत कारागिरीचे केवढे वैविध्य सामावलेले असते ह्याची कल्पना येते. ह्या वस्तूंवरील खुणा, घडणी व काळ ह्यांच्या विश्वसनीय सूची मराठीत तयार होणे, हे काम बाजाराच्या दृष्टीने जितके उपयुक्त तितकेच ज्ञानाच्या दृष्टीने आवश्यक आहे. विद्यापीठांतील विभागांनी ते अंगावर घेतल्यास पेटी उघडणाऱ्या वारसाच्या हाती घासण्याच्या कापडाऐवजी प्रथम भिंग येईल, अशी आशा बाळगावयास हरकत नाही.